उतार

निवाऱ्याची चावी माझ्या पदराला असते.
मी हाजेरा, माणिकदीची भोंगेवाली.
मेघना समुद्राला मिळते तिथे
तिनेच आणून टाकलेल्या गाळावर आमचं गाव,
दर साली थोडं इकडे सरकतं, थोडं तिकडे,
झोपेत कूस बदलावी तसं.

एक झेंडा चढला की लोक वर बघतात.
दोन चढले की तांदूळ बांधतात.
तीन चढले की मी हातभोंगा फिरवत निघते,
आणि तेव्हाही निम्मे म्हणतात, बघू.

ती आली फाल्गुनात, आभाळ कोरडं ठणठणीत असताना.
एर्मेलिंडा. मोझांबिकची, बुझी नदीकाठची.
सोबत ढाक्याचा दुभाष्या पोरगा,
त्याला बोट लागली, तो आडवा झाला.
उरलो आम्ही दोघी
आणि वीस बोटं.

मी भोंगा दाखवला, झेंडे, पाण्याची टाकी.
पाहुणे डोलावतात तशी तिने मान डोलावली.
मग जिन्याशेजारी थांबली.
तिथे सिमेंटचा रुंद उतार आहे,
आडव्या रेघा ओढलेला.
हे कशाला, तिने भुवयांनी विचारलं.
मी हंबरून दाखवलं.
ती हसली.

पूर्वी नुसता जिना होता.
माझी जाऊ नूरबानू त्या जिन्याखाली उभी राहिली,
गाय चढेना, आणि ही गाय सोडेना.
मी वरून हाका मारत होते.
तिसऱ्या दिवशी तिला दोरावरून ओळखलं,
मनगटाला तसाच होता.
हे बोटांनी कसं सांगायचं?
मी माझंच मनगट धरलं घट्ट,
आणि धरूनच राहिले.
तिचं हसू गेलं.
तिने पावलं टाकत उताराची लांबी मोजली,
वहीत लिहिली.

संध्याकाळी काठावर तिची पाळी.
तिने गाल फुगवून वारा केला,
मग तो थांबवला.
दोन बोटं दाखवली, दोन दिवस.
हवेत कपडे वाळत घातले, चूल फुंकली.
मग समुद्राकडे पाठ केली
आणि मुलखाच्या बाजूने,
जिकडे कोणी बघत नसतं तिकडून,
दोन्ही हात जमिनीलगत सरकवत आणले.
पाणी मागून आलं होतं.

मी जन्मभर समुद्राकडे तोंड करून भोंगा वाजवला.
त्या रात्री उशी बदलून निजले,
डोकं दक्षिणेला, डोळे उत्तरेला.

पावसाळ्यात फोनवर एक फोटो आला.
तांबड्या मातीचा उतार, कडेला बांबू,
आणि वर पोहोचलेली एक शेळी,
फार अपमान झाल्यासारखं तोंड करून.

कार्तिकात आमचे तीन झेंडे चढले.
वारा मध्यरात्री येऊन गेला,
पत्रे नेले, केळी झोपवल्या,
सकाळी ऊन पडलं, अगदी सणासारखं.
लोक म्हणाले, उघड.
मी म्हटलं, उत्तरेचं पाणी बघू दे.
वरच्या गावांना फोन लावला, लागेना.
खिचडी संपली. एक बकरी जिन्यातच व्याली.
शौकत नावाडी म्हणाला,
बाईला चावी दिली की ती डोक्यावर बसते.
त्याचं खरंही असेल.
मी पदराची गाठ आणखी आवळली
आणि ती रात्रही काढायला लावली.

पाणी आलं नाही.
पुढून नाही, मागूनही नाही.

उजाडल्यावर कुलूप काढलं.
आधी गायी उतरल्या, रेघांवर खूर रोवत,
मग माणसं,
आणि जाता जाता एकेकाने मला ऐकवलं,
माझ्या बापापासून चावीपर्यंत.
तान्ह्यांच्या वाटच्या त्यांच्या आयांनी दिल्या.
मी दारात उभी राहून मोजत होते.

तीनशे बारा शिव्या.
वर चढले होते तेही
तीनशे बाराच.